एका टॉवरवर टांगलेली जेटी



गेल्या आठवड्यात मंगळवारी रात्रीपासून शुक्रवारी दुपारपर्यंत आपल्या जेटीवर फोन लागत नव्हता. जे तिथे होते त्यांना हे सांगायची गरज नाही. पण जे आखातात आहेत, जहाजावर आहेत, ज्यांनी घरी फोन लावून लावून शेवटी वाड्यावरच्या दुकानदाराला शोधून काढला, त्यांनी विचारलं की झालं तरी काय. म्हणून लिहितो आहोत. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बुधवारी पहाटे आपले आठ ट्रॉलर बांगडा भरून आले. एरवी बोट तासभर लांब असतानाच तांडेल फोन करतो, सोसायटीच्या कट्ट्यावर कळतं, व्यापाऱ्यांच्या गाड्या येतात, बर्फ फोडून तयार असतो. त्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. बोटी लागल्या तेव्हा जेटीवर गाड्या किती, तर दोन. त्या दोघांनी जो भाव सांगितला तो आम्ही घेतला, कारण बांगडा कुणासाठी थांबत नाही. दुपारी एक पोरगा मोटारसायकल घेऊन शेजारच्या जेटीवर गेला आणि येऊन म्हणाला, तिकडे क्रेटमागे चारशे रुपये जास्त होते, आणि माल कमी पडला म्हणून तीन गाड्या रिकाम्या परत गेल्या. चारशे गुणिले आपले क्रेट, हा हिशेब वहीत लिहून ठेवला आहे. इथे लिहिला तर पुन्हा डोकं फिरेल.

पावणीवर बसणाऱ्या आमच्या बहिणींचं वेगळंच. पैसे फोनमध्ये, फोन बंद, आणि हातात रोख शंभर-दोनशे. दोघीतिघींनी पाट्या उधारीवर उचलल्या, एकीला कुणी उधार दिलंच नाही, ती रिकामी घरी गेली. खलाशांचंही तेच. ओडिशा, झारखंडची पोरं आहेत ती. एकाच्या घरी बाळंतपण होतं. शुक्रवारी दुपारी सिग्नल आला तेव्हा त्याला कळलं की मुलगी होऊन दोन दिवस झाले.

आता मुद्द्याचं. देशात मोबाईलच्या चार कंपन्या आहेत असं सगळे सांगतात. कागदावर बरोबर आहे. पण आपल्या जेटीवर एकाच कंपनीचा सिग्नल मिळतो. बाकीच्यांची सिमं घाटी चढून वर गेलं की जागी होतात. म्हणजे कायद्याने स्पर्धा आहे आणि खडपावर मक्तेदारी. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे, १९०० वर एक मेसेज टाकायचा की झालं. पण बदलून जायचं कुठे? ज्याला जायला दुसरं दार नाही त्याच्यासाठी ही सोय असून नसल्यासारखी. हे त्या कंपनीलाही पुरतं ठाऊक आहे, म्हणून तर चार दिवस बंद पडलं तरी तिकडे कुणाची झोप उडत नाही.

आमच्यातल्या वयस्कर मंडळींना हे सगळं जुनं वाटतं. सोसायटीच्या टेबलावर काळा फोन होता तो काळ त्यांनी बघितला आहे. फोन बिघडला की लाइनमनला शोधायचं, चहा पाजायचा, एक इसवण गुंडाळून द्यायची, मग तो खांबावर चढायचा. १९९१ मध्ये सबंध भारतात फोन होते सुमारे ५० लाख, आणि नवीन जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत. इंदिरा गांधींच्या काळातले दूरसंचारमंत्री सी. एम. स्टीफन यांचा एक किस्सा शशी थरूर अनेकदा सांगतात. फोन सारखे बंद पडतात अशी संसदेत ओरड झाली, तेव्हा मंत्री म्हणे म्हणाले की फोन ही चैन आहे, हक्क नव्हे, ज्याला पटत नसेल त्याने तो परत करावा. रांग इतकी लांब होती की परत केलेला फोन घ्यायला माणूस तयारच होता. असं उत्तर द्यायची हिंमत कुठून येते? गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही, तिथूनच.

ती मक्तेदारी मोडली कशी, तर विनंत्या करून नाही. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं, ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाईल फोन केला, आणि पुढे १ मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले. तेव्हा कुठे मोबाईल आपल्यासारख्यांच्या बोटीवर आला.

फोनमुळे मासळीच्या धंद्यात काय फरक पडतो, हे कुणीतरी नीट मोजून ठेवलं आहे, आणि ते मोजलंय आपल्याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला. केरळात १९९७ पासून मोबाईल टॉवर किनाऱ्यालगत उभे राहू लागले. आधी कोळिकोडे, मग कण्णूर, मग कासरगोड. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने या तीन जिल्ह्यांतल्या १५ बंदरांवर तारलीच्या भावाची आठवड्याला नोंद ठेवली, टॉवर यायच्या आधी आणि आल्यानंतरही. २००७ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला.

त्यात एक दिवस दिला आहे, १४ जानेवारी १९९७. वडकरा बंदरावर ११ बोटींना गिऱ्हाईक मिळालं नाही आणि तारली फेकून द्यायची पाळी आली. त्याच सकाळी १५ किलोमीटरच्या आत, शेजारच्या दोन बंदरांवर, २७ गिऱ्हाईकं मासळी नाही म्हणून हात हलवत परत निघाली होती. दोघांमध्ये अडथळा काय होता? फक्त माहितीचा. फोन आल्यावर बोटी समुद्रातूनच विचारू लागल्या की आज कुठे लावू. त्या टॉवरचा सिग्नल समुद्रात २० ते २५ किलोमीटर पोचायचा. आधी रोजच्या मासळीतली ५ ते ८ टक्के वाया जायची, ती जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यांसाठी भाव ४ टक्क्यांनी उतरला. म्हणजे विकणाऱ्याचंही भलं आणि खाणाऱ्याचंही, हे आपल्या धंद्यात क्वचितच होतं.

आता आपला बुधवार आठवा. इथे दोन गाड्या, तिथे तीन रिकाम्या. आपण त्या दिवशी १९९७ च्या जानेवारीत होतो. त्या पोरांजवळ फोन नव्हते, आपल्या खिशात प्रत्येकी एक होता आणि त्याचा रिचार्जही मारलेला होता, एवढाच काय तो फरक.

दुसरा टॉवर का नाही, हे नवीन पोरं विचारतात. तो आहे की! बर्फाच्या कारखान्यामागे दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीने लोखंडी खांब उभा केला. पाया घातला, कुंपण केलं, विजेचा डबा बसवला, नारळही फुटला. मग माणसं गेली ती गेलीच. कधी केबल यायची आहे म्हणतात, कधी परवानगी, कधी वरून आदेश. सध्या त्यावर घारी बसतात. इथून सिग्नल सोडला तर गिऱ्हाईक किती, समुद्राकडची अर्धी बाजू तर पाणीच, असं गणित त्यांनी नंतर मांडलं असावं. पाण्यावरही गिऱ्हाईक असतं, हे शहरातल्या ऑफिसात बसून दिसत नाही.

इथे एक गोष्ट आपल्याच पदरात घालायला हवी. त्याआधी टेकडीच्या कडेला एक टॉवर येणार होता. किरणांनी कॅन्सर होतो, झाडांना फळं धरत नाहीत, असं बोललं गेलं आणि विरोधाच्या अर्जावर सह्या झाल्या. त्या सह्यांत आपल्या सभासदांच्याही आहेत, आम्ही यादी बघितली आहे. गोव्यात कित्येक गावांत हेच झालं. शंका विचारण्यात गैर काही नव्हतं, पण शंकेचं उत्तर घ्यायला पुढच्या बैठकीला आपण गेलो नाही. कंपनीला शिव्या घालताना हेही लक्षात ठेवायला हवं.

सरकारी कंपनीचं काय, असं विचाराल. जिथे नफा कमी तिथे आधी सरकारी कंपनीने जावं, अशीच अपेक्षा असते. पण बीएसएनएलचा विस्तार किती वेळा अडला ते बघा. ९.३ कोटी जोडण्यांची मोठी निविदा काढली, ती २०१० मध्ये रद्द. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ ४जी घेऊन आली, तेव्हा सरकारी कंपनीकडे ते नव्हतं. २०२० मध्ये ४जीची निविदा निघाली, चिनी सामानाच्या वादात तीही रद्द झाली. मग देशी बनावटीचं तंत्र वापरायचं ठरलं, आणि अखेर २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथे सुमारे ९७,५०० टॉवरांसह ४जीचं उद्घाटन झालं. जिओपेक्षा नऊ वर्षं उशीर. मधल्या काळात, जुलै २०२४ मध्ये, खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले तेव्हा लाखो ग्राहक रागाने बीएसएनएलकडे आले होते. काही महिन्यांत तो ओघ आटला. राग होता, पण तो धरून ठेवायला नेटवर्क नव्हतं. दुसरं दार असायला हवं तिथे भिंत राहिली, आणि त्याची किंमत आपल्यासारख्या कोपऱ्यातल्या जागा मोजतात.

तक्रार केली का, असं आम्हालाच काहींनी विचारलं. केली. घाटीवर चढून केली. पहिल्या वेळी बाईसाहेब म्हणाल्या, तुमच्या भागात नेटवर्क उत्तम आहे, फोन बंद करून चालू करा. दुसऱ्या वेळी तक्रार क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी मेसेज, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. तो मेसेज मिळाला घाटीवर, कारण खाली मेसेज येत नव्हता! तिसऱ्या वेळी सुपरवायझर म्हणाला की तुमच्या पिन कोडमध्ये टॉवर चालू दाखवतोय. पिन कोड सबंध गावाचा आहे हो, वर चर्चपाशी चालू असेल.

ही नुसती त्या माणसांची आडमुठी नाही. मोजायची पद्धतच अशी आहे की आपण त्यात दिसत नाही. दूरसंचाराच्या हिशेबात गोवा हे स्वतंत्र क्षेत्र नाही, महाराष्ट्र सर्कलचा भाग आहे. वर्षानुवर्षं सेवेचा दर्जा सर्कलच्या सरासरीवर मोजला गेला. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर आणि आपली जेटी, सगळ्यांची मिळून एक सरासरी. त्या आकड्यात आपले चार दिवस म्हणजे समुद्रात टाकलेलं चमचाभर मीठ.

ट्रायने २०२४ मध्ये नवे नियम केले, १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले. त्यात चांगलं बरंच आहे. कुठे कुठली सेवा मिळते याचा नकाशा कंपनीने आपल्या वेबसाइटवर द्यायचा आहे. सेवा बराच वेळ बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट, प्रीपेडवाल्याला दिवस वाढवून द्यायचे आहेत. वाचून आम्ही खूश झालो होतो. पण बंद म्हणजे किती बंद? तर जिल्हाभर बंद. एक टॉवर झोपला आणि एक जेटी आंधळी झाली, ते त्या व्याख्येत बसत नाही. जिल्हा जागा असला म्हणजे आपण झोपलेले मोजलेच जात नाही.

या महिन्यात आम्ही सोसायटीच्या कट्ट्यावर तो नकाशा उघडून बघितला. आपली जेटी त्यात गडद रंगात भरलेली आहे. म्हणजे उत्तम सेवा. त्याचा फोटो काढून ठेवला आहे, तारखेसकट.

काही जण म्हणतात, आता उपग्रहाचं यंत्र आलं, फोनचं काय घेऊन बसलात. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ती योजना सुरू झाली, एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायचे, खर्च सुमारे ३६४ कोटी. इस्रोचं तंत्र आहे, समुद्रात मोबाईल पोचत नाही तिथे त्यावरून संदेश येतो-जातो. आमचा त्याला विरोध नाही, उलट ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांनी करावा. नोव्हेंबर २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या किती बोटी निरोप न पोचल्यामुळे खोल पाण्यात अडकल्या आणि किती माणसं परत आली नाहीत, हे आपण विसरलेलो नाही. पण ट्रान्सपाँडर जिवासाठी आहे, भावासाठी नाही. त्यावरून व्यापाऱ्याशी घासाघीस होत नाही, पाटीचे पैसे देता येत नाहीत, बाळंतिणीची खबर येत नाही. आणि वादळातही घरच्यांना काठावर फोन लागतोच. १६ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा झाडं पडली, वीज गेली आणि विजेमागोमाग टॉवरही गेले. बॅटरी संपली की टॉवर म्हणजे नुसता खांब.

मग आम्हाला हवं काय? नवा टॉवर मागून पुन्हा दोन वर्षं घारी मोजायच्या नाहीत. जो टॉवर आहे त्यावरूनच बाकीच्या कंपन्यांची सिमं चालू द्या, ही आमची मागणी. हे आमच्या डोक्यातून आलेलं खूळ नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ आलं तेव्हा गुजरातच्या किनारी जिल्ह्यांत हेच केलं होतं, कुठलंही सिम कुठल्याही नेटवर्कवर लागत होतं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधीतून उभारलेल्या सुमारे २७ हजार दुर्गम जागच्या टॉवरांवर ही सोय कायमची सुरू करण्यात आली. म्हणजे तंत्र आहे, नियमही आहे. किनाऱ्यावरच्या जेट्यांना दुर्गम म्हणायला कुणी तयार नाही, इतकंच, कारण शेजारच्या गावात शॅक आहेत आणि तिथे फोन छान लागतो.

असं झालं तर एक टॉवर बंद पडला तर सगळेच बंद पडतील, अशी शंका एका सभासदाने काढली. खरी आहे. म्हणून जोडीला दुसरी मागणी, या टॉवरला जनरेटर आणि दोन दिवसांची बॅटरी. आणि दुसऱ्या कंपनीच्या खांबाचं काय ते एकदा पंचायतीत लेखी सांगा. लावायचा नसेल तर काढून न्या, तिथे जाळी वाळवायला जागा होईल.

पैशाबद्दलही एक बोलून घेतो. जून-जुलैत ६१ दिवस बंदी असते, कमाई नाही, तरी रिचार्ज चालूच. २८ दिवसांचा महिना धरून वर्षाला तेरा रिचार्ज. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं की ज्याला नुसतं बोलायचं आणि मेसेज करायचे त्याच्यासाठी डेटा नसलेला पॅक ठेवलाच पाहिजे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या साध्या फोनला तोच मारा. दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आता कामाचं. सोसायटीने चार पत्रं लिहिली, त्यांचं काय झालं ते वर सांगितलं. सोसायटीचं पत्र म्हणजे एक पत्र. तीनशे सभासदांच्या तीनशे तक्रारी, प्रत्येकीला क्रमांक, ही वेगळी गोष्ट आहे. कंपनीकडे तक्रार केली आणि उत्तर पटलं नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत जाता येतं. त्यानंतर ग्राहक आयोग. पूर्वी टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं सांगून माणसाला परत पाठवत. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मिटवला, मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. एकसारखी तक्रार असलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने मिळून एक अर्ज करू शकतात, आणि लहान रकमेच्या दाव्याला फी नाही. कंपनी म्हणेल की हे धंद्याचे फोन आहेत, ग्राहक कसले. म्हणून स्वतःच्या नावावरचं, घरच्या वापरातलं सिम ज्यांचं आहे त्यांनी पुढे यावं. मासे विकणाऱ्या बहिणींनी तर नक्कीच.

बर्फाच्या काउंटरवर निळी वही ठेवली आहे. फोन बंद पडला की तारीख, वेळ, कुठे उभे होता आणि कुठलं सिम, एवढं लिहायचं. तक्रार क्रमांक मिळाला तर तोही. भावात नुकसान झालं असेल तर पावणीची चिठ्ठी कारकुनाकडे द्या, तो झेरॉक्स काढून लगेच परत देईल. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांचं संध्याकाळी पाच ते सात आमच्यातला कुणीतरी लिहून घेईल. महिनाअखेरच्या बैठकीत वही उघडू, आणि त्या दिवशी ज्यांचं सिम त्यांनी आधार कार्डाची प्रत घेऊन यावं. ज्यांनी टॉवरविरुद्ध सही केली होती त्यांनीही यावं, कुणी काही बोलणार नाही.

ही पोस्ट आम्ही घाटीवरून टाकली आहे. खाली तुम्हाला कधी दिसेल सांगता येत नाही, म्हणून एक प्रत छापून जेटीच्या फळ्यावरही लावली आहे.